काइसाने बूट बदलले

काइसाने बूट बदलले ही बातमी मला पंचायत समितीच्या आढावा बैठकीत कळली.

आमचे साहेब रखडलेल्या घरकुलांवर बोलत होते. बैठकीत फोन उचलायचा नाही, ही सूचना मीच टाइप करून भिंतीला लावलेली. पण दीपमालाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन थांबेचना. ती मला कार्यालयात कधीच फोन करत नाही. गॅस संपला तरी करत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर नुसती थंड शेगडीकडे बोट दाखवते. त्यामुळे फोन घेणं भाग होतं. पेन पडल्याचं निमित्त करून मी टेबलाखाली वाकलो आणि फोन कानाला लावला.

"अवो," पलीकडून रडका आवाज आला, "तिनं बदलले! सारं वाया गेलं! तुमी आताच्या आता या!"

मी उठलो तो टेबलाची कड टाळूला लागली. डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून साहेब बोलायचे थांबले. "काय झालं, प्रेमदासजी? कोण?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काइसा," मी म्हणालो.

"कैसा म्हणजे? कसं झालं ते अजून कळलं नाही का?" साहेबांनी चष्मा काढला. "जा तुम्ही. आधी घरी जा. इथलं आम्ही बघतो."

मागच्या रांगेतले दोघे ग्रामसेवक आपोआप उभे राहिले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खुलासा करायला मी तोंड उघडलं, पण सगळं सभागृह मान खाली घालून उभं होतं. अशा वेळी बुटांचा विषय काढणं मला प्रशस्त वाटलं नाही.

घरासमोर चपलांचा ढीग होता. आत दीपमाला भिंतीला टेकून बसलेली आणि शेजारच्या जयवंताकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवताहेत. त्यांचे यजमान नत्थूजी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, खांद्यावर दुपट्टा टाकून दाराशी तयार. मधोमध सतरंजीवर दीपमालाचा फोन, आणि फोनवर दोन पांढऱ्या बुटांचे दोन फोटो.

"हे जुने अन् हे नवे," जयवंताकाकूंनी मला दर्शन घडवलं.

मी दोन्ही नीट पाहिले. "सारखेच तर आहेत," मी म्हणालो.

दीपमालाने फोन उचलून माझ्यासमोरून दूर केला. "जाऊ दे वो दीपमाला," काकू शेवटी म्हणाल्या, "मानसाईले बुटातलं काय समजते."

काइसा ही फिनलंडची. बर्फावर नाचते. नाचते म्हणजे पायातल्या बुटांना पोलादी पातं लावलेलं असतं, त्यावर घसरत जाते, मग हवेत उडून भोवऱ्यासारखी फिरते आणि पुन्हा त्याच पात्यावर उतरते. आमच्या मुलीने, आकांक्षाने, पुण्याहून आईला तिचा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली 'बघ किती छान' एवढंच लिहिलं. पुढचं सगळं आमच्या घरात घडलं. वास्तविक आमच्या आर्वीत बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नात, भुशात गुंडाळलेला. त्याच्यावर माणूस उभा राहू शकतो यावरच नत्थूजींचा बरेच दिवस विश्वास नव्हता.

जगभरातल्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. दीपमाला त्यात आहे. ती आपल्या वऱ्हाडीत लिहिते आणि फोन त्याचं जे काय करायचं ते करतो. एकदा तिने काळजीने लिहिलं, 'पोरगी लय वाळून राह्यली.' त्यावर जपानच्या एका बाईने 'कुठे वाळत घातली आहे?' असं विचारलं होतं. पण मैत्री टिकली. या मंडळींची नजर फक्त काइसाच्या पायावर. नाडी बदलली तर चर्चा, पात्याला धार लावली तर चर्चा. आमच्या घरकुल योजनेवर कोणी एवढी नजर ठेवली असती तर साहेबांना बैठकाच घ्याव्या लागल्या नसत्या.

तरी दीपमालाचा खरा जीव जडला तो काइसापेक्षा तिच्या कोचवर. रित्वाबाई. पांढऱ्या केसांची, धिप्पाड, गुडघ्याखाली जाणारा कोट घालणारी बाई. काइसा कितीही वाईट पडो, ही कठड्याशी दोन्ही हात पसरून उभी. कपाळाला आठी म्हणून नाही. पात्याला गंज लागू नये म्हणून त्यावर कापडाची खोळ घालतात. काइसाची खोळ फाटलेली, म्हणून या बाई खाली बसून आपल्या गळ्यातल्या मफलरने पातं पुसायच्या.

"येवढी मोठी बाई," दीपमाला म्हणाली, "अन् पोरीच्या पायाचं पाणी मफलरनं पुसते. कापसाच्या मुलखात राहून आपल्याले दोन खोळी नाई पाठवता येत?"

तिची क्रोशाची सुई सगळ्या आर्वीत नावाजलेली. पण तिच्या हातचं काम अमरावतीच्या पुढे कधी गेलं नव्हतं, आणि गेलं तेही भाचीच्या रुखवतात. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय नव्हती.

माप ग्रुपवरच्या एका बाईने दिलं. ते आमच्या भाजी चिरायच्या पावशीच्या पात्याशी जवळजवळ जुळत होतं. त्यामुळे खोळी पूर्ण होईपर्यंत पावशीला हात लावायची बंदी झाली आणि आम्ही डाळीवर दिवस काढले. निळ्यापांढऱ्या सुती दोऱ्याच्या दोन देखण्या खोळी तयार झाल्या, आणि त्या दिवशी सकाळीच, कार्यालयात जाता जाता, मी त्यांचं पार्सल भैयाजीच्या दुकानात देऊन आलो होतो. भैयाजी बसस्टँडसमोर कुरिअर चालवतो. झेरॉक्सही काढतो.

"आत काय हाये?" त्याने विचारलं.

मी सरकारी नोकर. खरं सांगितलं. "ब्लेडचे कव्हर."

"ब्लेड नाई जात विदेशात."

"ब्लेड नाही. कव्हर."

"मंग ब्लेड कुठी हाये?"

"फिनलंडला."

भैयाजीने पेन खाली ठेवलं. "ब्लेड तिकडं अन् कव्हर इकडं? काऊन जी?"

मी पार्सल त्याच्याकडे आणखी थोडं सरकवलं. शेवटी त्याने नागपूरला फोन लावला आणि सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "हो हो, ब्लेडच! प्रेमदासजी पाठवून राह्यले! फिनाईल नाई, फिनलंड!" मग 'सुती वस्तू' असं लिहून त्याने माझी सही घेतली.

आणि आता नवे बूट! नव्या बुटांना नवं पातं, आणि ग्रुपवरच्या बायांच्या मते ते चांगलं दोन बोटं लांब.

"पार्सल परत आना," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "अपुरी खोळ गेली तं त्या बाई काय म्हनतीन? आर्वीच्या बाईले माप नाई समजत म्हनतीन."

नत्थूजींनी भैयाजीला फोन केला. कुरिअरची थैली नागपूरच्या ट्रॅव्हल्समध्ये नुकतीच गेलेली. "गाडीवर तानबा हाये," नत्थूजींचे डोळे चमकले. "माह्याच हाताखाली शिकला. कारंज्याच्या ढाब्यावर चहाले थांबल्याबिगर त्याचं चाक पुढं नाई जात. काढा तुमची स्कूटर."

काढली मी, पण चालवायला तेच बसले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस स्कूटरही एसटीसारखीच चालवतो, हे मला त्या दिवशी कळलं. वळण घेताना ते आधी रस्त्याच्या त्या टोकाला जायचे. मागे कोणी नसताना हात बाहेर काढायचे. तळेगावला स्टँडसमोर सवयीने त्यांचा वेग कमी झाला, तर एक बाई खरंच पिशवी उचलून पुढे आली. नत्थूजींनी तिला "मागून खाली गाडी येते" असं सांगितलं आणि आम्ही निघालो.

कारंज्याच्या ढाब्यावर ट्रॅव्हल्स उभी होती. तानबा बशीतून चहा पीत होता. तो नत्थूजींच्या पाया पडला, पण थैलीला हात लावू देईना. "गुरुजी, तुमचा मान हाये. पन सील नाई तोडत मी."

"अरे लेका, त्याच्यात ब्लेड हायेत!" नत्थूजी कडाडले.

त्यांना म्हणायचं होतं की ब्लेडच्या खोळी आहेत. पण ट्रॅव्हल्समधले प्रवासी 'ब्लेड' एवढंच ऐकून भराभर खाली उतरले. एकाने उतरताना दुसऱ्याची बॅग उचलली, त्यावरून वेगळीच बोलाचाली सुरू झाली.

"ब्लेड नाहीत!" मी हात जोडून सांगितलं. "ब्लेड फिनलंडला एका मुलीच्या पायात आहेत!"

"आई वो!" एका बाईने तोंडाला पदर लावला. "पायात घुसले?"

"दवाखान्यात नेलं का नाई?" एका म्हाताऱ्याने मला दरडावलं. "अन् तुमी अठीसा चहा पिऊन राह्यले?"

मी चहा पीत नव्हतो. तो तानबाचा कप होता. पण हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. हळद भरा, एकाने सांगितलं. दुसऱ्याने नागपूरच्या एका हाडाच्या डॉक्टरचा नंबर जबरदस्तीने माझ्या फोनमध्ये घातला. शेवटी भैयाजीने फोनवरून परवानगी दिली आणि ढाब्याच्या टेबलावर, पन्नासेक लोकांच्या साक्षीने, आमचं पार्सल फोडण्यात आलं.

दोन खोळी निघाल्या. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाळाचे मोजे होय," म्हातारा म्हणाला. त्यानंतर खोळीच्या आतून एक पुडी निघाली. मी हादरलो. ती मी ठेवलेली नव्हती. तानबाने वास घेतला. "जवसाची चटनी."

"आमच्या हिनंच टाकली असन," नत्थूजी शांतपणे म्हणाले. "खाली हातानं कोनाच्या घरी वस्तू पाठवत नाई ते."

'सुती वस्तू' या शब्दांखाली माझी सही होती! शासकीय सेवेत आजवर एक डाग नाही, आणि मी परदेशात चोरून चटणी धाडायला निघालो होतो! मी टेबलाशी बसलो. त्या गडबडीत प्रवाशांनी ढाब्यावरच्या पोळ्या मागवून चटणी संपवली आणि छान आहे असा निरोप काकूंना द्यायला सांगितलं.

घरी परतलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. ओसरीवर पांढऱ्या शर्टातली माणसं ओळीने बसलेली पाहून मी स्कूटरवरून उतरायचाच राहिलो. मधल्या खुर्चीवर साहेब. सगळं कार्यालय मला भेटायला आलं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की प्रेमदासजी कारंज्याला गेले, म्हणून त्यांनी मयत कारंज्याची असावी असं धरलं होतं.

"आटोपलं सगळं?" साहेबांनी विचारलं.

"आटोपलं, साहेब. परत आणलं."

साहेब दचकले. "परत आणलं?"

तेवढ्यात जयवंताकाकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "मेलं कोनीच नाई जी," त्या म्हणाल्या. "तिनं बूट बदलले."

मला वाटलं, ओसरी दुभंगून आत घेईल तर बरं. ग्रामसेवक एकमेकांकडे पाहू लागले. साहेबांनी चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा. "कोणाचे बूट, प्रेमदासजी?"

मी सगळं सांगितलं. सांगताना मला ते सगळं जितकं मूर्खपणाचं वाटत होतं तितकं आधी कधीच वाटलं नव्हतं. दीपमाला दारात उभी होती. तिने फोन साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी दोन्ही फोटो पाहिले. मोठे केले. डोळ्यांजवळ नेले.

"टाच वेगळी आहे," ते म्हणाले.

दीपमाला दोन पावलं पुढे आली. "होय नं!"

"आणि पातं पुढे आलंय थोडं. यावर पोरीला तोल सावरायला त्रास जाणार. ऐन स्पर्धेच्या तोंडावर हे कशाला करायचं?" साहेब कळवळून म्हणाले. इतक्या कळकळीने मी त्यांना घरकुलांवर बोलताना ऐकलं नव्हतं. मग दीपमालाने त्यांना रित्वाबाईंचा मफलर दाखवला. साहेबांनी तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावला. "आम्हाला असं कोणी भेटलं असतं तर," एवढं बोलून त्यांनी फोन परत दिला. निघताना माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. माझी अर्ध्या दिवसाची रजा त्यांनी दुसऱ्या दिवशी बिनपगारी लावली.

दीपमालाने नव्या मापाच्या खोळी विणल्या. या वेळी पावशी पुरेना, म्हणून माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत मापाला लागला. मी संध्याकाळभर हात पुढे करून बसायचो आणि ती माझ्या हातावर खोळ चढवून बघायची. कोणी आलं की मी हात मागे लपवायचो. पार्सल बांधताना मी जयवंताकाकूंवर डोळा ठेवून होतो. भैयाजीने 'लांब टोप्या' असं लिहिलं. मी खाली सही केली. खोटं लिहिण्याचं आता मला काही वाटेनासं झालं होतं.

पार्सल पोचल्याची पावती आली. आणि मार्चच्या एका संध्याकाळी मोठी स्पर्धा टीव्हीवर लागली.

ऊन उतरलं तरी भिंती तापलेल्या. आवाज नीट यावा म्हणून कूलर बंद केलेला, आणि आम्ही घामाने निथळत बर्फाकडे बघत बसलो होतो. साहेब सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीवर बसले होते. भैयाजीही आला होता. आपलं पार्सल मुक्कामी पोचलं की नाही ते स्वतः बघायचं म्हणत होता. काइसा बर्फावर आली. कॅमेरा तिच्या पायांवर गेला, आणि दीपमालाच्या हातातली क्रोशाची सुई खाली पडली.

"अवो! हे तं जुने बूट होय!"

"असं कसं होईल," मी म्हणालो.

"टाच बघा," साहेब खुर्चीसकट पुढे सरकले. "जुनीच टाच आहे."

नवे बूट चावले असतील, म्हणून तिने जुनेच घातले होते. जुनं पातं. दोन बोटं आखूड. दीपमाला पांढरीफटक पडली. काही बोलायच्या आत संगीत सुरू झालं.

त्या दिवशी काइसाचं काहीच जमलं नाही. पहिलीच उडी घेतली आणि ती आडवी झाली. उठली. पुन्हा उडाली, पुन्हा पडली, आणि या वेळी बर्फावरून घसरत पार कठड्यापर्यंत गेली. "बूट ढिले झाले हायेत," नत्थूजी पुटपुटले. जयवंताकाकूंनी डोळे मिटून घेतले होते आणि दर वेळी "उठली का? उठली का?" असं विचारत होत्या. कसंबसं ते संपलं.

"आता खाते बोलनं," नत्थूजी म्हणाले. "मी असतो तं खाली उतरवलं असतं गाडीतून."

रित्वाबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. पोरगी त्या कोटात शिरली ती दिसेनाशीच झाली. मग दोघी बाकावर येऊन गुणांची वाट बघत बसल्या. काइसाने तोंड ओंजळीत लपवलेलं, खांदे हलत होते. बाई खाली बसल्या, तिच्या बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढला, पातं पुसलं, आणि कोटाच्या खिशात हात घातला.

निळीपांढरी खोळ बाहेर आली.

भैयाजी ओरडून उभा राहिला. साहेब उभे राहिले. मीही राहिलो. आमच्या घरातली वस्तू! माझ्या हाताच्या मापाची! जयवंताकाकूंनी डोळे उघडले. बाईंनी खोळ पात्यावर चढवली, आणि पातं संपलं तरी खोळ संपेना. पुढे राहिलेला तुकडा हत्तीच्या सोंडेसारखा लोंबू लागला. सगळ्या जगाचा कॅमेरा त्याच्यावर.

"बाई, बाई, बाई!" दीपमालाने पदर तोंडावर ओढला. "साऱ्या दुनियेसमोर हसं झालं माह्यं! बंद करा तो टीव्ही!"

मी रिमोट शोधू लागलो. त्यावर भैयाजी बसलेला होता.

टीव्हीत रित्वाबाईंनी ती सोंड पाहिली. बूट वर उचलला. डावीकडून, उजवीकडून बघितला. मग त्यांनी बूट हलवला आणि ती सोंड टुणकन डोलली. काइसाने बोटांच्या फटीतून पाहिलं. बाईंनी पुन्हा हलवला. काइसाचे खांदे पुन्हा हलायला लागले, पण या वेळी वेगळे. तिने ओंजळ खाली केली. नाक लाल, गाल ओले, आणि पोरगी हसत होती. बाईही हसायला लागल्या. इतक्या की बूट हातातून सुटला, आणि एकमेकींना धरून दोघी बाकावर कलंडल्या.

"दीपमाला," जयवंताकाकूंनी तिचा पदर हळूच ओढला. "पाह्य वो. पोरगी हासून राह्यली."

दीपमालाने पदर बाजूला केला. मग तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि नत्थूजी खांद्यावरच्या दुपट्ट्याने आपलंच नाक पुसू लागले.

"किती गुण मिळाले?" साहेबांनी जरा वेळाने विचारलं.

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टीव्हीवर आकडे येऊन गेले होते, दुसरी मुलगी बर्फावर उतरली होती. ते कोणी पाहिलेच नव्हते.